कर्जाचा कागद आणि कर्जदाराचा हक्क

मृगाचा पाऊस पडला की शेतकऱ्यास बी, खत आणि मजुरी या तिन्ही गोष्टींसाठी एकाच पंधरवड्यात पैसा लागतो. पीक मात्र दसरा-दिवाळीच्या सुमारास घरात येते. मधले चार-पाच महिने दुसऱ्याच्या पैशावर काढणे बहुतेकांस भाग पडते. म्हणून शेतीस कर्ज लागणे यात कमीपणा मुळीच नाही. शेतकऱ्याचे नुकसान होते ते कर्ज घेतल्यामुळे नव्हे. ते कोणाकडून, कोणत्या दराने आणि कोणत्या कागदावर घेतले हे न उमजल्यामुळे होते. प्रस्तुत पाठात कर्जदाराचे मुख्य हक्क कोणते आणि तंटा उत्पन्न झाल्यास दाद कोठे मागावी, याचा विचार केला आहे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी तो गावच्या बैठकीत वाचून दाखवावा.

एक उदाहरण

समजा, एका शेतकऱ्याने वडिलांच्या औषधोपचारासाठी गावातील एका गृहस्थाकडून दोन लाख रुपये दरमहा शेकडा तीन व्याजाने घेतले. त्या गृहस्थाने एक एकर जमिनीचे खरेदीखत नोंदवून मागितले. "पैसे फिटले की जमीन परत लिहून देईन," असे तोंडी वचन दिले. शेतकरी दरमहा सहा हजार रुपये देत राहिला. पावती एकही घेतली नाही. तीस महिन्यांत एक लाख ऐंशी हजार रुपये गेले. पुढे पाऊस हुकला आणि हप्ता थांबला. तेव्हा तो गृहस्थ म्हणू लागला, "व्याज कसले आणि कर्ज कसले? जमीन मी विकत घेतली आहे."

शेतकऱ्याच्या हाती काय उरले? कागद म्हणतो विक्री. खरा व्यवहार होता कर्जाचा. अशा वेळी पुष्कळ लोक नशिबास बोल लावून गप्प बसतात. परंतु कायदा इतका आंधळा नाही.

जुना रोग, जुना उपाय

सावकाराच्या कागदापायी जमीन जाण्याचा प्रकार महाराष्ट्रास नवा नाही. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी उठले. तेथून पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरलेल्या या उठावात लोकांचा रोख मुख्यतः सावकारांच्या घरांतील कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळले गेले. त्यानंतर 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा खास कायदा झाला. कागदावर काय लिहिले आहे एवढेच न पाहता, मूळ व्यवहार काय होता हे तपासण्याचा अधिकार त्या कायद्याने न्यायालयास दिला.

तेच तत्त्व आजच्या कायद्यात आहे. 1946 च्या मुंबई सावकारी अधिनियमाच्या जागी महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 आला. त्याच्या कलम 18 अन्वये, सावकारीच्या व्यवहारातून खरेदीखत, गहाण, भाडेपट्टा किंवा अन्य रूपाने सावकाराच्या ताब्यात गेलेल्या स्थावर मालमत्तेबद्दल कर्जदारास जिल्हा निबंधकाकडे अर्ज करता येतो. अर्जाच्या दिनांकापूर्वीच्या पंधरा वर्षांतील व्यवहारांस हे कलम लागू आहे. चौकशीत व्यवहार सावकारीचा ठरला, तर दस्त अवैध ठरवून मालमत्ता मूळ मालकास परत देण्याचा आदेश होऊ शकतो. म्हणजे जे काम 1875 साली लोकांनी आग लावून केले, तेच आज एका अर्जाने करता येते. मात्र अर्जामागे पुरावा असावयास हवा.

व्याजाचा हिशेब वर्षाचा करावा

खेड्यात व्याज दरमहा शेकड्याने सांगितले जाते. "शेकडा तीन" हा आकडा कानास लहान वाटतो, पण तो वर्षास शेकडा छत्तीस होतो. दोन लाखांवर वर्षाचे व्याज बहात्तर हजार रुपये होते.

परवानाधारक सावकारासाठी राज्य शासनाने 2014 साली कमाल वार्षिक दर ठरविले. ते असे: शेतकऱ्यास तारणी कर्जावर शेकडा 9 व विनातारण कर्जावर शेकडा 12, शेतीखेरीज इतर कर्जास तारण असल्यास शेकडा 15 व नसल्यास शेकडा 18. वरील उदाहरणातील कर्ज औषधोपचाराचे व तारणी आहे असे धरले, तरी वर्षाचे व्याज तीस हजारांपुढे जात नाही. घेतले गेले बहात्तर हजार. शिवाय परवाना नसताना सावकारीचा धंदा करणे हाच मुळात गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. सावकारास चक्रवाढ व्याज आकारता येत नाही. दिलेल्या रकमेहून अधिक रक्कम कागदावर लिहून घेणे किंवा कोऱ्या कागदावर सही घेणे यासही मनाई आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. मेहुण्याने किंवा शेजाऱ्याने अडीनडीस बिनव्याजी हातउसने पैसे दिले, तर ती सावकारी नव्हे. व्याजासाठी पैसे देण्याचा धंदा म्हणजे सावकारी होय.

व्याज मुद्दलाइतके झाले की पुढे वाढू नये, हा दामदुपटीचा नियम आपल्याकडे फार जुना आहे. सहकारी संस्थांनाही त्याचे बंधन आहे. संस्थेने सभासदास शेतीसाठी पंधरा वर्षांपर्यंतच्या मुदतीने दिलेल्या कर्जावर मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू नये, असे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 44-अ मध्ये सांगितले आहे. जुन्या थकबाकीची नोटीस आली, तर प्रथम मुद्दल किती व व्याज किती हे वेगळे काढून पाहावे.

याच्या तुलनेत बँकेचे पीककर्ज किती स्वस्त पडते, हेही पाहावे. 1998 साली सुरू झालेल्या किसान क्रेडिट कार्डावर तीन लाखांपर्यंतचे अल्पमुदतीचे पीककर्ज वार्षिक शेकडा 7 दराने मिळते. वेळेवर फेड करणाऱ्यास केंद्राची आणखी शेकडा 3 सवलत मिळून प्रत्यक्ष दर शेकडा 4 पडतो. दोन लाखांवर हे व्याज वर्षास आठ हजार होते. 1 जानेवारी 2025 पासून दोन लाखांपर्यंतच्या शेतीकर्जास बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने ठरविले आहे. आठ हजार आणि बहात्तर हजार यांतील अंतर ज्याच्या मनात ठसले, तो शेतकरी बँकेच्या चार खेपांस कंटाळणार नाही.

कर्जदाता कोण, हे प्रथम ओळखावे

तक्रारीचे दार कर्जदात्यावर अवलंबून असते. चुकीच्या दारी दिलेला अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो आणि कर्जदाराचा धीर सुटतो. म्हणून पुढील विभागणी नीट समजून घ्यावी.

(1) सावकार. परवानाधारक असो वा नसो, त्याच्याविषयीची तक्रार सहकार खात्याकडे करावयाची. तालुक्याच्या ठिकाणी सहायक निबंधक, सहकारी संस्था आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांचे कार्यालय असते. सावकारी कायद्याखालील निबंधकाचे व जिल्हा निबंधकाचे अधिकार त्यांच्याकडे आहेत. एखाद्यास परवाना आहे की नाही, याची चौकशीही तेथेच करता येते. वसुलीसाठी धमकी, मारहाण किंवा छळ होत असेल, तर पोलीस ठाण्यात स्वतंत्र फिर्याद द्यावी.

(2) गावची विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था. ही संस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही. तिच्या हिशेबाबद्दलची तक्रार सहायक निबंधकाकडे करावी. संस्था व सभासद यांच्यातील तंटा कलम 91 अन्वये सहकारी न्यायालयात चालतो. संस्थेने कलम 101 खाली वसुली दाखल्यासाठी अर्ज केला, तर सभासदास नोटीस येते. त्या तारखेस हजर राहून आपला हिशेब मांडणे अत्यंत आवश्यक आहे; कारण दाखला निघाल्यावर फेरतपासणी मागावयाची, तर दाखल्यातील निम्मी रक्कम आधी भरावी लागते. नोटीस न घेता परत पाठविणे म्हणजे स्वतःची बाजू स्वतःच बुडविणे होय.

(3) बँक व वित्त कंपनी. प्रथम शाखेत लेखी तक्रार देऊन पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाविलंब दाद मागता येते. एकात्मिक लोकपाल योजना 12 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू झाली. तक्रारीस फी नाही, वकील लागत नाही. संगणकावरून किंवा चंदीगड येथील केंद्राकडे टपालाने ती पाठविता येते. 14448 या क्रमांकावर माहिती मिळते. 1 नोव्हेंबर 2025 पासून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही या योजनेत आल्या आहेत.

(4) महिलांच्या गटांस कर्ज देणाऱ्या सूक्ष्मवित्त संस्था. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे, वर्षास तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबास दिलेले हे कर्ज विनातारण असावे लागते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक होऊ नयेत, मुदतीपूर्वी फेडल्यास दंड घेऊ नये आणि उशिराचा दंड थकलेल्या रकमेवरच आकारावा, असेही बंधन आहे. वसुली ठरलेल्या जागी व्हावी. कर्जदार तेथे लागोपाठ दोन वेळा आली नाही, तरच वसुलीदाराने घरी जावे. आणि सकाळी नऊपूर्वी किंवा सायंकाळी सहानंतर तगादा लावू नये. चारचौघांत अपमान करणे किंवा घरातील वस्तू उचलून नेण्याची धमकी देणे हा कोणाही वसुलीदाराचा अधिकार नव्हे.

(5) कृषी सेवा केंद्राची उधारी. बी-खत उधार घेतले म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 मध्ये किंमत पुढे देण्याच्या बोलीवर माल घेणाराही ग्राहकच मानला आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी उधारी दुकानदाराच्या वहीतच राहते आणि शेतकऱ्यास बिल मिळत नाही. बी उगवले नाही, तर ते कोणत्या दुकानातून व कोणत्या गटाच्या पिशवीतून घेतले हे सिद्ध होत नाही. म्हणून उधारीचेही बिल त्याच दिवशी मागून घ्यावे. त्यावर मालाचे नाव, गट क्रमांक, किंमत आणि 'उधार' असा शेरा असावा. तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या किमतीच्या प्रकरणास तेथे फी नाही. 1915 हा ग्राहकांसाठी राष्ट्रीय मदतक्रमांक आहे.

वसुलीच्या मर्यादा

थकबाकी झाली म्हणजे घरावर नांगर फिरला, अशी भीती बाळगू नये. बँकांना न्यायालयाबाहेर तारण जप्त करण्याचा अधिकार देणारा 2002 चा कायदा शेतजमिनीवरील तारणास लागू होत नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या वसुलीतही शेतकऱ्याची अवजारे, उपजीविकेस आवश्यक अशी जनावरे व बियाण्याचे धान्य यांवर जप्ती आणता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये तसे संरक्षण आहे.

तथापि हक्क म्हणजे कर्ज बुडविण्याची मुभा नव्हे. घेतलेले मुद्दल आणि कायदेशीर व्याज फेडणे हे कर्जदाराचे कर्तव्यच आहे. जामीनदाराने तर विशेष जपावे. भारतीय करार अधिनियम, 1872 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. "नुसती सही आहे" असे म्हणून केलेली सही हीदेखील आपलीच देणेदारी समजावी.

पत-अहवाल

हल्ली बँका कर्ज देण्यापूर्वी अर्जदाराचा पत-अहवाल पाहतात. फिटलेले कर्ज त्यात थकीत दिसले, तर नवे पीककर्ज अडते. प्रत्येक पत-माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळण्याचा हक्क आहे. चूक आढळल्यास लेखी तक्रार करावी. तीस दिवसांत दुरुस्ती न झाल्यास त्यापुढील प्रत्येक दिवसास शंभर रुपये भरपाई कर्जदारास मिळावयास हवी. म्हणून कर्ज फिटताच बँकेकडून निरंक दाखला घ्यावा आणि सातबाऱ्यावरील बोजा कमी झाला की नाही हेही पाहावे.

कोणते कागद जपावेत

एक जाड पिशवी किंवा पत्र्याची पेटी यासाठी वेगळी ठेवावी. तीत पुढील कागद असावेत: कर्जमंजुरीचे पत्र किंवा कर्जखात्याचे पुस्तक, प्रत्येक हप्त्याची पावती, बँकेतून किंवा मोबाइलवरून पैसे दिल्याची नोंद, आलेल्या नोटिसा पाकिटासह, दिलेल्या अर्जांच्या पोचप्रती, सातबारा व खाते उतारा, आणि नोंदविलेल्या प्रत्येक दस्ताची नक्कल. शक्यतो रोख रक्कम देऊ नये. द्यावीच लागली तर पावती घ्यावी आणि साक्षीदार ठेवावा. कोऱ्या धनादेशावर, कोऱ्या मुद्रांकावर अथवा न वाचलेल्या कागदावर सही किंवा अंगठा करू नये. आणि कर्जासाठी खरेदीखत कधीही करून देऊ नये. तारण द्यावयाचेच असेल तर ते गहाणखत म्हणूनच लिहिले जावे.

उदाहरणातील शेतकऱ्याने काय करावे

आता मूळ उदाहरणाकडे वळू. त्या शेतकऱ्याजवळ पावती नाही, तरी त्याचे सर्व काही गेले असे नाही. खरेदीखतानंतरही जमीन तोच कसत असेल, तर सातबाऱ्यावरील पिकांच्या नोंदी बोलतील. खरेदीखतातील किंमत त्या वेळच्या बाजारभावाहून फारच कमी असेल, तर तोही पुरावा होय. दरमहा सहा हजार रुपये खात्यातून किंवा मोबाइलवरून गेले असतील, तर बँकेच्या उताऱ्यात ते ओळीने दिसतील. विकलेल्या जमिनीसाठी विकणारा दरमहा पैसे कशास देईल, हा प्रश्न चौकशी अधिकाऱ्यास पडेलच. त्याच गृहस्थाने इतर गावकऱ्यांकडूनही अशी खरेदीखते करून घेतली असतील, तर सर्वांनी अर्ज करावेत; त्यावरून धंदा सिद्ध होण्यास मदत होते.

त्याने खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून काढावी. पैसे कधी, किती, कोणासमोर दिले याची तारीखवार टिपणी करावी आणि जिल्हा उपनिबंधकाकडे कलम 18 खाली अर्ज देऊन पोच घ्यावी. फेरफाराची नोटीस आली असेल, तर पंधरा दिवसांच्या आत तलाठी कार्यालयात लेखी हरकत नोंदवावी. निर्णय विरुद्ध गेल्यास मुदतीत विभागीय सहनिबंधकाकडे अपील करता येते.

वकिलाचा खर्च झेपत नसेल, तर तालुका विधी सेवा समितीकडे जावे. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमान्वये स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती व अपंग यांस उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. इतरांस उत्पन्नाच्या मर्यादेत मिळतो. 15100 या क्रमांकावर विचारणा करता येते. लोकअदालतीत तडजोड करण्यापूर्वी मात्र अटी नीट वाचाव्यात. कारण तेथील निवाड्यावर अपील नाही.

कार्यकर्त्यांस सूचना

कर्जाची अडचण शेतकरी सहसा चावडीवर बोलत नाही. त्याला लाज वाटते. म्हणून कार्यकर्त्याने बैठकीत सर्वसाधारण माहिती द्यावी आणि नंतर बांधावर किंवा घरी एकट्याने विचारावे. अर्ज लिहून देण्यास मदत करावी, परंतु मूळ कागद स्वतःकडे ठेवून घेऊ नयेत. तंट्यात स्वतः न्यायनिवाडा करू नये; योग्य कार्यालयाचे दार दाखवावे आणि पहिल्या खेपेस शक्य तर सोबत जावे. कर्जापायी कोणी अबोल झाला, घराबाहेर पडेनासा झाला, तर त्याच्या घरच्यांस सावध करून वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. जमीन परत मिळविता येते. गेलेला माणूस परत येत नाही.

बैठकीत चर्चेसाठी प्रश्न

1. दरमहा शेकडा दोन म्हणजे वर्षास किती? पन्नास हजारांवर ते व्याज किती होईल?
2. आपल्या गावात कर्ज देणारे कोण कोण आहेत? त्यांपैकी प्रत्येकाविरुद्धची तक्रार कोणाकडे जाईल?
3. मागील हंगामातील उधारीचे बिल किती जणांजवळ आहे?
4. गहाणखत आणि खरेदीखत यांत फरक कोणता?

या चार प्रश्नांची उत्तरे ज्या गावात प्रत्येक घराला देता येतील, त्या गावात कर्ज राहील, पण कर्जापायी जमीन जाणार नाही.